निवाडा अल्लाहचा, शेजार आपला

धरमपेठ, गोकुळपेठ, रामनगर या वस्त्यांत राहणाऱ्या मुस्लिम कुटुंबांच्या भिंतीला लागून हिंदूंचे घर असते, बौद्धांचे असते आणि कोठे ख्रिस्ती बांधवांचेही असते. येथून जवळच सेमिनरी हिल्सची टेकडी आहे. ख्रिस्ती धर्मगुरूंना शिक्षण देणारी संस्था तेथे असल्यामुळेच त्या टेकडीला हे नाव पडले. आपल्यापैकी अनेकांची मुले ख्रिस्ती संस्थांच्या शाळांत शिकली आहेत. अनेकांच्या आजारपणात ख्रिस्ती परिचारिकेने रात्र जागून काढली आहे. म्हणून या परिसरातील आईवडील एक प्रश्न वारंवार विचारतात. तो त्यांचा स्वतःचा नसतो, त्यांच्या मुलांनी त्यांना विचारलेला असतो. आमच्या टीचर इतक्या चांगल्या आहेत, मग केवळ त्या मुस्लिम नाहीत म्हणून त्या जहन्नममध्ये जातील का?

या प्रश्नाला घाईघाईने दोन उत्तरे दिली जातात. पहिले म्हणजे, होय, जातीलच. दुसरे म्हणजे, छे, सगळे धर्म सारखेच. पहिल्या उत्तराने मुलाच्या मनातील कृतज्ञता मरते. दुसऱ्या उत्तराने त्याच्या मनातील दीन मरतो. दोन्ही उत्तरे देणाऱ्याला विचार करण्याचे कष्ट घ्यावे लागत नाहीत. कुरआन आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या आचरणाने दाखविलेली वाट या दोहोंहून वेगळी आहे आणि ती अधिक कठीण आहे. या लेखात त्याच वाटेचा विचार करावयाचा आहे.

सत्याचा आग्रह

प्रथम एक गोष्ट स्पष्टपणे मान्य करू या. इस्लाम हा सत्याचा दावा करणारा धर्म आहे. अल्लाह एकच आहे, त्याला पुत्र नाही, त्याचा कोणी भागीदार नाही, ही आपली श्रद्धा आहे. आदरणीय ईसा (अ.) हे अल्लाहचे थोर प्रेषित होते, पित्यावाचून कुमारी मरयम (अ.) यांच्या पोटी जन्मले, त्यांना इंजील देण्यात आली, हे आपण मानतो आणि जो हे मानत नाही त्याचा ईमान अपुरा समजतो. मात्र त्यांना ईश्वर किंवा ईश्वरपुत्र मानणे आपल्याला मान्य नाही. इस्लामखेरीज अन्य दीन अल्लाहच्या दरबारी स्वीकारला जाणार नाही, असे सूरह आले-इम्रानमध्ये सांगितले आहे. हे लपवून शेजारधर्म साधत नाही. लपविलेल्या श्रद्धेवर उभे राहिलेले सौहार्द पहिल्याच वादात कोसळते.

ख्रिस्ती बांधवांचा दावाही तितकाच ठाम आहे. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे मनुष्याचे तारण येशू ख्रिस्ताच्या द्वारेच होते. म्हणजे आपल्या आणि त्यांच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना ‘खरा मार्ग एकच’ असे मानणारी माणसे राहतात. यात अपमान मानण्याचे कारण नाही. जो आपला मार्ग खरा आहे असे मानत नाही, तो त्या मार्गावर चालतोच कशासाठी?

अडचण पुढे उभी राहते. ‘हा मार्ग खरा आहे’ हे एक वाक्य झाले आणि ‘ही व्यक्ती नरकात जाणार’ हे अगदी वेगळे वाक्य झाले. पहिले वाक्य श्रद्धेचे आहे. दुसरे न्यायालयाच्या निकालाचे आहे. आपण बोलता बोलता पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि आपण उडी मारली हे आपल्या लक्षातही येत नाही. सूरह बकरामध्ये यहुदी आणि ख्रिस्ती यांच्यातील अशाच एका भांडणाचा उल्लेख आहे. आमच्यावाचून स्वर्गात कोणी जाणार नाही, असे ते म्हणत. कुरआनने त्यांना ही तुमची मनोकामना आहे असे सुनावले आणि पुरावा मागितला. ही आयत वाचताना आपल्याला बरे वाटते, कारण ती इतरांविषयी आहे. परंतु सूरह निसामध्ये हाच बोल आपल्यालाही लावलेला आहे. निर्णय ना तुमच्या इच्छांवर होणार, ना ग्रंथधारकांच्या इच्छांवर. जो दुष्कर्म करील त्याला त्याचे फळ मिळेल. येथील ‘तुम्ही’ म्हणजे आपण मुस्लिम, असे अनेक भाष्यकारांनी स्पष्ट केले आहे.

नागपूरहून निघालेली एक वाट

श्रद्धा आणि निवाडा यांची अशी गल्लत झाली की माणसांच्या आयुष्याचे काय होते, याचे एक उदाहरण आपल्याच भाषेत आणि काही अंशी आपल्याच शहरात घडलेले आहे. मराठीत ज्यांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणतात ते नारायण वामन टिळक काही काळ नागपुरात होते. अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते येथे संस्कृत ग्रंथांचे काम करीत. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावकडे रेल्वेने जात असताना एका परदेशी सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबल ठेवले. त्यातून सुरू झालेला त्यांचा शोध १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेण्यापर्यंत गेला.

त्यांनी स्वीकारलेली श्रद्धा आपली नव्हे. परंतु त्यानंतर जे घडले ते प्रत्येक धर्माच्या माणसाने डोळे उघडे ठेवून पाहावे असे आहे. जातीच्या लेखी टिळक परके झाले. पत्नी लक्ष्मीबाई यांच्या मनावर भयंकर आघात झाला. पती जिवंत असूनही संसार उरला नाही. लहान मुलाला घेऊन त्यांना काही वर्षे नातेवाइकांच्या आधाराने काढावी लागली. त्या काळात समाजाने दोघांविषयीही निवाडा देऊन टाकला होता. तो धर्मभ्रष्ट आणि ती अभागी. निवाडा दिला की समाजाचे काम संपते. पुढचे आयुष्य ज्याचे त्याला जगावे लागते.

लक्ष्मीबाईंनी मात्र काही वर्षांनी वेगळा निर्णय घेतला. त्या पतीजवळ राहावयास गेल्या, आणि गेल्या तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. आपले सोवळेओवळे सांभाळीत, आपल्या देवाधर्माला धरून त्या त्या घरात राहिल्या. पतीचा मार्ग चुकला आहे हे त्यांचे मत त्या दिवशी बदलले नव्हते. बदलली होती ती एकच गोष्ट. मत चुकले म्हणून माणूस टाकावयाचा नाही, असे त्यांनी ठरविले. पुढे त्यांनी स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला, हा त्यांच्या आयुष्यातील नंतरचा भाग झाला. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत ते मधले दिवस, जेव्हा एका छपराखाली दोन श्रद्धा होत्या आणि कोणीही कोणाला घराबाहेर काढीत नव्हते.

गोष्ट येथे संपत नाही. स्वतः टिळकांपुढेही अखेरीस हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने उभा राहिला. वीस वर्षांहून अधिक काळ मिशनमध्ये काम केल्यावर १९१७ साली त्यांनी ते सोडले आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने एक मेळा उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा होती. ख्रिस्तावरील त्यांची निष्ठा तसूभरही कमी झालेली नव्हती. परंतु धर्मसंस्थेच्या नोंदवहीत ज्याचे नाव नाही तो देवाच्याही वहीत नसेल, हे त्यांचे मन मानीत नव्हते. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले. त्यांचे धर्मशास्त्र आपण स्वीकारीत नाही, तरीही त्यांना पडलेला प्रश्न आपण टाळू शकत नाही. आपली नोंदवही आणि अल्लाहची नोंदवही एकच आहे, असे आपण तरी कशाच्या आधारे म्हणावे?

न मानता सोबत राहणे

लक्ष्मीबाईंचे ते मधले दिवस वाचताना कुरआनच्या अभ्यासकाला सूरह लुकमान आठवल्यावाचून राहत नाही. आईवडील मुलावर अल्लाहचा भागीदार मानण्याची सक्ती करू लागले तर काय करावे, हे तेथे सांगितले आहे. याहून मोठा श्रद्धाभेद असू शकत नाही. तरीही आदेश असा आहे की त्या बाबतीत त्यांचे ऐकू नये, परंतु या जगात त्यांच्याशी चांगल्या रीतीने सोबत करावी. आज्ञा न मानणे आणि सोबत न सोडणे, ही दोन्ही कर्तव्ये एकाच आयतीत एकमेकांना लागून आली आहेत. कुरआनला त्यांत विसंगती वाटत नाही. ती वाटते आपल्याला.

आदरणीय इब्राहीम (अ.) यांच्या पित्याने त्यांना दगडांनी ठेचून मारण्याची धमकी देऊन घराबाहेर जाण्यास सांगितले. सूरह मरयममध्ये त्याला त्यांनी दिलेले उत्तर सलामाने सुरू होते. वाट वेगळी झाली, परंतु निघताना त्यांनी शाप दिला नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनातही हेच दिसते. मक्केतील छळाला कंटाळून मुस्लिमांचा पहिला जथा इ. स. ६१५ मध्ये हबशाला गेला, तेव्हा तेथील राजा नजाशी ख्रिस्ती होता. त्याच्या राज्यात कोणावर अन्याय होत नाही, अशी ग्वाही प्रेषितांनी आधीच दिली होती. एका ख्रिस्ती राजाच्या न्यायबुद्धीवर इस्लामच्या पहिल्या निर्वासितांचे प्राण सोपविले गेले. दरबारात हजरत जाफर (रजि.) यांनी सूरह मरयमचे पठण केले आणि ईसा (अ.) यांच्याविषयीची मुस्लिमांची श्रद्धा जशी आहे तशी सांगितली. आश्रय हवा म्हणून ती पातळ केली नाही. पुढे नजरानचे ख्रिस्ती शिष्टमंडळ मदीनेला आले. ईसा (अ.) यांच्या स्वरूपावरून त्यांच्याशी कडाक्याचा वाद झाला. सीरतचे ग्रंथ सांगतात की त्यांच्या उपासनेची वेळ झाली तेव्हा प्रेषितांनी त्यांना मस्जिदे-नबवीतच ती करू दिली. वाद आणि आदरातिथ्य यांना तेथे एकच छप्पर पुरले.

एक रास्त शंका

यावर एखादा जाणकार वाचक विचारील की यहुदी आणि ख्रिस्ती यांना ‘औलिया’ करू नका, असे सूरह मायदामध्ये म्हटले आहे, त्याचे काय? शंका रास्त आहे आणि ती टाळणे योग्य नव्हे. ‘वली’ या शब्दात संरक्षक, पाठीराखा, ज्याच्या पक्षात आपण सामील होतो तो, हा अर्थ आहे. मदीनेचा नवा समाज शत्रूंनी वेढलेला असताना काही जण आपल्या लोकांचा भरवसा सोडून इतर गटांशी गुप्त संधान बांधू पाहत होते. ती आयत त्या परिस्थितीत आली. तिचा अर्थ शेजाऱ्याशी प्रेमाने वागू नका असा केला, तर त्याच सूरहमधील दुसऱ्या आदेशाचे काय करावयाचे? तेथे मुस्लिम पुरुषाला ग्रंथधारकांतील शीलवती स्त्रीशी विवाह करण्याची अनुमती आहे. आणि पतीपत्नीमध्ये आपण प्रेम व दया ठेवली, असे सूरह रूममध्ये अल्लाह सांगतो. ख्रिस्ती पत्नीवर प्रेम करणे वैध, तिच्या आईला मुलांनी आजी म्हणून बिलगणे वैध, मग ख्रिस्ती शेजारणीविषयी जिव्हाळा बाळगणे तेवढे निषिद्ध कसे होईल?

शिवाय सूरह मुम्तहिनामध्ये कसोटीच देऊन ठेवली आहे. ज्यांनी धर्माच्या कारणाने तुमच्याशी युद्ध केले नाही आणि तुम्हाला घरांतून हाकलले नाही, त्यांच्याशी भलाईने आणि न्यायाने वागण्यास अल्लाह मनाई करीत नाही. तेथे भलाईसाठी आलेला शब्द ‘बिर्र’ याच कुळातील आहे. आईवडिलांशी करावयाच्या सद्वर्तनासाठी आपण हाच शब्द वापरतो. सभ्यतेपुरते हसून पुढे जाणे एवढ्याने तो भागत नाही.

न्यायासनावर कोण?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दररोजच्या नमाजमध्ये प्रत्येक रकातीत आपण अल्लाहला निवाड्याच्या दिवसाचा स्वामी म्हणतो. हे शब्द मनापासून उच्चारणाऱ्याच्या तोंडी त्या दिवसाचा निकाल आज कसा शोभेल? सूरह हजमध्ये श्रद्धावंत, यहुदी, साबी, ख्रिस्ती, मजूसी आणि बहुदेववादी यांची नावे एकापाठोपाठ घेऊन सांगितले आहे की त्यांच्यामध्ये कियामतच्या दिवशी निर्णय करणारा अल्लाह आहे. तौहीद म्हणजे अल्लाहच्या सत्तेत कोणाला वाटेकरी न करणे. ख्रिस्ती श्रद्धेने एका प्रेषिताला ईश्वराच्या जागी बसविले, असा आपला आक्षेप आहे. मग आपण स्वतःच त्याच्या न्यायासनावर बसू लागलो, तर तो आक्षेप आपल्यावरच उलटत नाही काय?

सहीह मुस्लिममधील एका हदीसचा आशय अंगावर काटा आणणारा आहे. एक मनुष्य दुसऱ्याविषयी शपथ घेऊन म्हणाला की अल्लाह याला क्षमा करणार नाही. अल्लाहने फर्मावले की माझ्या नावाने शपथ घेऊन माझी क्षमा रोखणारा हा कोण? त्याला मी क्षमा केली आणि तुझी कर्मे व्यर्थ केली. हजरत उसामा (रजि.) यांनी युद्धात कलमा उच्चारणाऱ्या मनुष्याला, तो भीतीने बोलला असे समजून ठार केले, तेव्हा प्रेषितांनी त्यांना त्याचे हृदय चिरून पाहिले होते काय, असे विचारले. हे दोन्ही प्रसंग मुस्लिम समाजातील आहेत हे खरे. परंतु त्यांतून मिळणारा धडा माणसाच्या मर्यादेचा आहे. मनुष्याला बाहेरचे दिसते. आतले दिसत नाही आणि अखेरचा श्वास कशावर जाईल हे तर कोणालाच दिसत नाही.

सामान्य नियम आणि विशिष्ट व्यक्ती यांतील हा फरक आपल्या थोर विद्वानांनी ओळखला होता. इमाम गजाली (रह.) यांचे निधन इ. स. ११११ मध्ये झाले. त्यांनी आपल्या एका ग्रंथात इस्लामबाहेरील लोकांचे तीन गट केले. प्रेषितांचे नावही ज्यांच्या कानी गेले नाही, तो पहिला गट. त्यांचे चरित्र आणि त्यांची शिकवण जवळून पाहून, सत्य ओळखूनही ज्यांनी हट्टाने नाकारले, तो दुसरा. आणि ज्यांनी लहानपणापासून त्यांचे विकृत चित्रच ऐकले, तो तिसरा. पहिला आणि तिसरा गट अल्लाहच्या दयेच्या कक्षेत येतो, असे त्यांचे मत होते. सर्व उलेमा त्यांच्याशी सहमत नाहीत. परंतु आपल्या शेजाऱ्याला यांपैकी एका गटात बसविण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा. त्याने इस्लाम पाहिला तो कोठे? बहुधा आपल्याच वागण्यात. तेथे त्याला काय दिसले, याचा हिशेब त्याच्याआधी आपल्याला द्यावा लागेल.

या सर्वांवर कळस चढवतो तो सूरह मायदाच्या अखेरचा प्रसंग. कियामतच्या दिवशी अल्लाह ईसा (अ.) यांना विचारील की मला आणि माझ्या आईला ईश्वर माना, असे तू लोकांना सांगितलेस काय? ते नाकारतील. मला जे सांगण्याचा अधिकार नाही ते मी कसे सांगेन, असे म्हणतील. चूक ती चूकच, तिच्यावर ते पांघरूण घालणार नाहीत. ज्यांनी त्यांच्याच नावाने ही चूक केली, त्यांच्याविषयी शेवटी ते काय म्हणतील? शिक्षा केलीस तर ते तुझेच दास आहेत आणि क्षमा केलीस तर तू सामर्थ्यवान व विवेकशील आहेस, एवढेच ते अल्लाहपुढे मांडतील. ज्या प्रेषिताचा या प्रकरणात सर्वाधिक संबंध, तोसुद्धा निकाल सांगणार नाही. हजरत अबू जर (रजि.) सांगतात की प्रेषित मुहम्मद (स.) एका रात्री नमाजमध्ये उभे राहून ही एकच आयत पहाटेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. ज्यांना अल्लाहने जगासाठी कृपा म्हणून पाठविले, त्यांची ती रात्र क्षमा आणि शिक्षा या दोन शब्दांच्या मध्ये उभी राहण्यात गेली. आपण तोच निकाल चहाचा पेला खाली ठेवण्यापूर्वी देऊन मोकळे होतो.

घरात काय सांगावे, काय करावे

तेव्हा मुलाला सांगावे की आपला दीन खरा आहे आणि तुझ्या टीचरलाही तो लाभावा अशी आपली इच्छा आहे. कोण कोठे जाईल हे अल्लाह ठरवतो आणि तो कोणावर कणभरही अन्याय करीत नाही. त्यांनी तुला जे चांगले दिले त्याबद्दल आभार मानणे हे तुझे काम आहे, कारण जो माणसांचे आभार मानीत नाही तो अल्लाहचेही मानीत नाही, अशी प्रेषितांची शिकवण आहे. एवढे उत्तर मुलाला पुरते. त्यात खोटे काही नाही आणि क्रूरही काही नाही.

ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरी मृत्यू झाला तर जावे. जनाजाची नमाज आणि मगफिरतची दुआ यांच्या मर्यादा शरीयतने आखून दिल्या आहेत. त्या पाळाव्या आणि कोणी विचारले तर नम्रपणे सांगाव्या. परंतु त्या मर्यादेच्या अलीकडे पुष्कळ जागा आहे. दुःखितांचे सांत्वन करावे, घरी चूल पेटली नसेल तर जेवण पोहोचवावे, मृताच्या चांगल्या गोष्टी बोलाव्या. एका यहुदीची अंत्ययात्रा पाहून प्रेषित उभे राहिले. तो यहुदी होता असे कोणी सांगितले, तेव्हा तो एक जीव नव्हता काय, असे त्यांनी विचारले. उभे राहताना त्यांनी त्याच्या परलोकाची चौकशी केली नाही.

आणि आपल्याच घरात कोणी विचाराने दूर गेले असेल, मुलगा नमाज सोडून बसला असेल, भाऊ दुसऱ्या मसलकचा झाला असेल, कोणी दीनपासूनच दुरावले असेल, तर दार बंद करण्यापूर्वी सूरह लुकमानची ती आयत पुन्हा वाचावी. ज्याच्याशी बोलणेच थांबविले त्याला आपण सत्य सांगणार तरी कसे? समजावणे, वाट पाहणे आणि रात्री उठून त्याच्या हिदायतसाठी हात उचलणे, हा मार्ग लांबचा आहे. प्रेषितांनी निवडलेला मार्ग हाच होता.

हे दयावंत अल्लाह, आम्हाला सत्यावर दृढ ठेव आणि निवाड्याच्या मोहापासून दूर ठेव. आमच्या वागण्यामुळे कोणी तुझ्या दीनपासून दूर गेला असेल तर आम्हाला क्षमा कर. आमीन.